गटाच्या गाडीतला न दिसणारा पट्टा

आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडीचा विषय निघाला की आपल्यातल्या निम्म्या जणी म्हणतात, "ते ड्रायव्हर बघेल." आम्हीही तेच म्हणत होतो. त्या एका वाक्याचे आम्हाला एकतीस हजार रुपये पडले, म्हणून आज मुद्दाम हा विषय घेतला आहे.

आमच्या गटाने बँकेचं कर्ज काढून एक जुनी छोटी मालवाहू गाडी घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. शिरूर तालुक्यातल्या चार-पाच गावांतला भाजीपाला आणि कांदा गोळा करायचा आणि चौफुला-केडगावकडे पोचवायचा, असं आमचं काम. भाडं आपल्याच गटात राहतं, हप्ता भागतो आणि वर थोडं उरतं. वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

मे महिन्यातली पहाट होती. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या आणि गवारीची पोती भरून गाडी न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्याला लागली. गाडी चालवायला आमच्याच एका सदस्येचा दीर होता. चढ नाही, खड्डा नाही, कसला आवाज नाही, आणि चालती गाडी एकदम बंद पडली. सेल मारला की इंजिन नेहमीपेक्षा हलकं हलकं फिरायचं, पण चालू होत नव्हतं. रस्त्यावरच्या चार माणसांनी धक्का मारून पाहिला. शेवटी ट्रॅक्टरला टोचन करून गाडी गॅरेजला नेली. ऊन वर आलं तोवर कोथिंबीर पिवळी पडायला लागली होती.

मिस्त्रींनी एक झाकण खोललं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई, टायमिंग बेल्ट कधी बदललाय?" आम्ही एकमेकींकडे पाहिलं. एकीने इंजिनच्या बाहेरच्या बाजूला बोट दाखवलं आणि म्हणाली, "हा तर चांगला दिसतोय की!" तो फॅन बेल्ट होता. टायमिंग बेल्ट झाकणाच्या आत असतो, बाहेरून दिसत नाही. तो तुटून आत लोंबत होता. हेड उतरवल्यावर कळलं की व्हॉल्व्ह वाकले आहेत. गाडी अकरा दिवस उभी राहिली. बँकेचा हप्ता काही अकरा दिवस थांबला नाही.

विम्याचे पैसे मिळतील असं आम्हाला वाटलं होतं. पण गाडीच्या नेहमीच्या विम्यात अपघात धरतात. झिजून किंवा वेळ संपून झालेला आतला बिघाड धरत नाहीत. तेव्हा तेही दार बंद झालं.

पैशापेक्षा वाईट गोष्ट पुढच्या बैठकीत झाली. "पोराने गाडी ताणली," "जास्त माल भरला," असं त्या दिराला सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं. त्याची वहिनी रडत उठून गेली. दोघी म्हणाल्या, गाडी विका आणि आमचा वाटा द्या. गट फुटायच्या बेताला आला होता. मग मिस्त्रींनीच फोनवर सांगितलं की यात चालवणाऱ्याचा काही दोष नाही, पट्ट्याची मुदत संपली होती. मुदत! आम्ही कर्जाची मुदत, विम्याची मुदत, फिटनेसची मुदत वहीत लिहून ठेवली होती. इंजिनातल्या पट्ट्यालाही मुदत असते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

आता हा पट्टा करतो काय, ते बघू. शिलाई मशीन चालवणाऱ्या मैत्रिणींना ते सगळ्यात आधी समजेल. सुई खाली जाते आणि नेमक्या त्याच क्षणी खालचं शटल येऊन सुईजवळच्या दोऱ्याचा फास पकडतं. तेव्हा टाका पडतो. दोघांची वेळ जराशी चुकली तर टाके सुटतात. जास्त चुकली तर सुई शटलवर आदळते आणि मोडते. दुरुस्तीवाला मशीन बघून काय म्हणतो? "टायमिंग गेलंय." गाडीच्या टायमिंग बेल्टमधलं टायमिंग तेच.

गंमत अशी, की हा दातेरी पट्टा मुळात निघाला तो शिलाई मशीनसाठीच. १९४० च्या दशकात अमेरिकेत सिंगर कंपनीच्या मशीनमध्ये वरची सुई आणि खालची बॉबिन एकमेकींच्या तालात राहाव्यात म्हणून तो बनवला गेला. आपल्या पायमशीनचा चामडी पट्टा गुळगुळीत असतो. तो थोडा घसरला तरी मशीन जरा हळू चालतं, एवढंच. पण जिथे दोन भागांची वेळ जुळायलाच हवी, तिथे घसरणं चालत नाही. म्हणून पट्ट्याला दात दिले. चाकालाही खाचा असतात, दात खाचेत बसतो आणि ताल सुटत नाही.

इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, उखळातल्या मुसळासारखा. त्याच्या डोक्यावर व्हॉल्व्ह असतात, म्हणजे हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी छोटी झाकणं. ही झाकणं खाली, पिस्टनच्या जागेत उघडतात. दोघींनी मिळून मिरची कांडलेली आठवा. एकीने मुसळ मारायचं आणि मुसळ वर गेलं की तेवढ्यात दुसरीने हात घालून मिरची सारखी करायची. ताल असेपर्यंत हाताला काही होत नाही. व्हॉल्व्ह म्हणजे तो हात. पिस्टन वर यायच्या आधी त्याने बाजूला व्हायचं असतं.

खाली पिस्टनला जोडलेला दांडा असतो, त्याला क्रँक म्हणतात. वर व्हॉल्व्ह उघडणारा दांडा असतो, तो कॅम. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायचा, हा ठरलेला हिशेब, आणि दोघांना बांधून ठेवतो तो टायमिंग बेल्ट. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह एका सेकंदात पंचवीस वेळा उघडतो आणि मिटतो. अशा वेळी पट्टा तुटला की कॅम जागेवर थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि पिस्टन त्यांच्यावर येऊन आदळतो. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा सोडलेली असते. तिथे पट्टा तुटला तर गाडी फक्त बंद पडते. पण डिझेल इंजिनात पिस्टन अगदी वरपर्यंत येतो, त्यामुळे तिथे बहुतेक वेळा व्हॉल्व्ह वाकतातच. बऱ्याच डिझेल गाड्यांत डिझेलचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो.

पट्टा नुसता रबराचा नसतो. आपल्या गोधडीसारखे त्याचे थर असतात. आत काचेच्या बारीक तंतूंचे पीळ दिलेले दोर, त्यांच्याभोवती उष्णता सोसणारं रबर आणि दातांवर नायलॉनचं चिवट कापड. दोरांमुळे पट्टा ताणून लांबत नाही. पण काचेचा तंतू ओढ सहन करतो, मोड सहन करत नाही. म्हणून नवा पट्टा घडी घालून पिशवीत कोंबू नये, पिरगळू नये. वरून काही दिसत नाही, पण आतले तंतू तिथेच तुटतात. ऑइल आणि कूलंट हे त्या रबराचे वैरी. इंजिनचं ऑइल सील गळत असेल, तर पट्ट्याची मुदत पुस्तकात काहीही असो, तो लवकर जातो.

मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीच्या इंजिनात हा पट्टा पहिल्यांदा आणला जर्मनीतल्या ग्लास नावाच्या कंपनीने, १९६२ साली. १९६६ साली इटलीच्या फियाटने आपल्या १२४ स्पोर्ट गाडीच्या इंजिनात असाच आतून बळकट केलेला पट्टा बसवला आणि मग तो जगभर पसरला. त्याआधी लोखंडी साखळी किंवा दातेरी चाकं असायची. पट्टा हलका, स्वस्त, कमी आवाजाचा आणि त्याला तेल लागत नाही. फियाट म्हणजे आपल्या रांजणगावात जिचा टाटांबरोबर कारखाना आहे तीच. आणि बघा, रांजणगावात बनलेल्या १.३ लिटरच्या डिझेल इंजिनात मात्र पट्टा नाही, साखळी आहे. टाटाच्या व्हिस्टा आणि मांझा गाड्यांत ते इंजिन यायचं आणि मारुतीच्या स्विफ्ट डिझेलमध्येही त्याच जातीचं इंजिन होतं.

मग आपल्याकडच्या कोणत्या गाडीत पट्टा असतो? मारुती ८००, ओम्नी व्हॅन, ८०० सीसीची अल्टो, टाटाची डिझेल इंडिका, अडीच लिटरची डिझेल इनोव्हा, या सगळ्या पट्ट्याच्या गाड्या. आणि आपल्या गटांना सगळ्यात जवळचा तो डिझेलवरचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस. मे २००५ मध्ये ती गाडी बाजारात आली, आणि आधी आपल्या पुणे जिल्ह्यातच बनायची. गिरीश वाघ यांच्या हाताखाली ती तयार झाली. तिचं इंजिन कसं केलं माहीत आहे? इंडिकाचं चार सिलिंडरचं १४०५ सीसीचं इंजिन घेतलं आणि निम्मं केलं. दोन सिलिंडर, ७०२ सीसी. इंडिकाचा टायमिंग बेल्टही सोबत आला. ट्रॅक्टरात सहसा पट्टा नसतो, दातेरी चाकं असतात. म्हणूनच आपल्या घरच्या ट्रॅक्टरवाल्यांनी हा विषय कधी काढला नसेल.

साखळीची गाडी असेल तर बदलायची मुदत सहसा नसते, पण साखळी ऑइलवर जगते. ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही ढिली होऊन खडखडते. निदान ती खडखडते तरी. पट्टा बहुतेक वेळा काहीच बोलत नाही. मिस्त्रींनी आम्हाला तुटलेला पट्टा हातात दिला, तेव्हा त्याची बाहेरची बाजू चांगली काळी कुळकुळीत होती. म्हणून "दिसायला चांगला आहे, अजून वर्षभर चालेल" हे कुणी म्हटलं तरी ऐकू नका. पट्टा दिसण्यावर बदलत नाहीत, हिशेबावर बदलतात.

हिशेब दोन बाजूंनी असतो, किलोमीटर आणि वर्षं. जे आधी येईल ते. साधारण साठ हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यान बहुतेक गाड्यांची मुदत असते. काही गाड्यांची त्याहून जास्त. तुमच्या गाडीचा खरा आकडा गाडीबरोबरच्या पुस्तकात असतो. जुन्या गाडीबरोबर पुस्तक मिळालं नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर आणि मॉडेल सांगून विचारा आणि आकडा लिहून घ्या. धूळ, उन्हाळा, भरलेला माल आणि सारखं चालू-बंद, अशा कामाला मुदत अलीकडे घ्यायची. आपल्या उसाच्या हंगामात न्हावऱ्याच्या नाहीतर पाटसच्या रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे गाडी अर्धा अर्धा तास उभी राहते. इंजिन चालू, पट्टा फिरतोय आणि मीटर जागच्या जागी.

आता हे आपल्या वहीत कसं बसतं ते पाहा. आमची गाडी रोज साधारण ऐंशी किलोमीटर चालते. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २,०८० किलोमीटर, वर्षाला जवळजवळ पंचवीस हजार. म्हणजे साठ हजारांची मुदत अडीच वर्षांच्या आतच संपते. पट्टा, टेन्शनर, बेअरिंग आणि मजुरी मिळून आम्हाला ३,६०० रुपये सांगितले. साठ हजारांनी भागा. किलोमीटरला सहा पैसे! दिवसाला पाच रुपयेसुद्धा नाहीत. महिन्याला १२५ रुपये. हे १२५ रुपये बाजूला काढले नाहीत म्हणून आम्ही एकतीस हजार भरले. पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र नियमित हिशेबाचं, ते आम्ही गावोगाव शिकवत फिरतो आणि आमच्याच गाडीच्या वहीत हे पान नव्हतं.

पुष्कळ जुन्या गाड्यांचा मीटर बंद असतो. मग किलोमीटर कसे मोजायचे? डिझेलच्या पावत्या ठेवा. आमची गाडी लिटरला सरासरी सोळा किलोमीटर देते. महिन्याला १३० लिटर लागलं तर १३० गुणिले १६, म्हणजे २,०८०. अगदी तंतोतंत नसेल, पण पट्ट्यासाठी पुरेसं आहे. मीटर दुरुस्त करून घेणं अर्थातच चांगलं.

पाटसकडच्या एका गटातल्या ताईंनी विचारलं होतं, "आमची जुनी व्हॅन शाळेची मुलं ने-आण करते. वर्षाला जेमतेम पाच हजार चालते. आम्हाला तर वीस वर्षं बघायला नको ना?" नाही ताई, असं चालणार नाही. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. पुस्तकात वर्षं दिली असतील तर ती पाळा. दिली नसतील तर पाच वर्षांच्या पुढे नेऊ नका, असं आम्हाला दोन वेगवेगळ्या गॅरेजवाल्यांनी सांगितलं. आणि मुलं बसलेली गाडी सोलापूर रस्त्यावर मधोमध बंद पडली तर प्रश्न इंजिनच्या बिलाचा राहत नाही.

बदलताना नुसता पट्टा बदलून येऊ नका. पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याचं बेअरिंग सोबतच बदलायचं. बेअरिंग जाम झालं तर नवा पट्टाही तुटतो. ऑइल सील गळत असेल तर तेव्हाच बदला. पाण्याचा पंप याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही तपासा, नाहीतर पुढच्या वर्षी पंपासाठी हीच मजुरी पुन्हा भराल. पट्टा बसवताना चाकांवरच्या खुणा जुळवतात. खुणा जुळल्यावर मिस्त्रींना विनंती करा की सेल मारायच्या आधी पान्याने हातानेच इंजिनचे दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. चांगला मिस्त्री हे न सांगताही करतो. बिलावर तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या. जुना पट्टा मागून घ्या. आमचा बैठकीच्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे.

रस्त्यातल्या दोन गोष्टी ड्रायव्हरला जरूर सांगून ठेवा. चालती गाडी अचानक बंद पडली आणि सेल मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलकं फिरायला लागलं, तर पुन्हा पुन्हा सेल मारू नका, धक्काही मारू नका. पट्टा तुटलेला असेल तर प्रत्येक फेऱ्याला आतलं नुकसान वाढू शकतं. आमच्या चार माणसांच्या धक्क्याने किती व्हॉल्व्ह वाकले, देव जाणे. दुसरं, बॅटरी उतरली म्हणून पट्ट्याची गाडी रोज सकाळी गिअरमध्ये टाकून ढकलून चालू करायची सवय मोडा. त्या हिसक्याने जुना पट्टा एखादा दात सोडतो आणि ताल चुकतो. बॅटरी बदला.

जुनी गाडी घेताना आपण टायर बघतो, पत्रा ठोकून बघतो, कागदपत्रं बघतो. त्यात एक प्रश्न वाढवा: टायमिंग बेल्ट कधी बदलला, बिल आहे का? "नवाच टाकलाय" असं तोंडी सांगितलं तर तो टाकलेला नाही असं समजायचं. गाडीच्या किमतीतच पट्ट्याचा खर्च धरा आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या आठवड्यात बदलून घ्या. कर्जमागणीचा ठराव लिहितानाच ती रक्कम त्यात घाला.

आमच्या त्या दिराची आम्ही पुढच्या बैठकीत माफी मागितली. तो काही बोलला नाही, नुसता हसला. गाडी अजून तोच चालवतो. आता ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर आतून पांढऱ्या रंगाने दोन ओळी लिहिल्या आहेत, एक पट्टा बदलल्याची तारीख आणि किलोमीटर, दुसरी पुढच्या बदलाची. गटाच्या वहीतही कर्जाच्या हप्त्याखाली "पट्टा – १२५" अशी ओळ दर महिन्याला पडते. मागच्या बैठकीत सचिव ताईंनी बेरीज वाचून दाखवली, तेव्हा त्या ओळीत १,७५० रुपये जमले होते.